विमा कंपनीची मुलाखत : नोकरी कोणती आणि एजन्सी कोणती?

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आमच्याकडे विषय दिला तो विमा कंपन्यांतील नोकरभरती आणि मुलाखती यांचा. आम्ही म्हणजे मंडळाच्या नोकरी मार्गदर्शन समितीचे पाच-सहा जण. आमच्यात कोणी विमा कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले आहेत, कोणी वर्षानुवर्षे एजन्सी केलेले आहेत, एक भगिनी मोटार विम्याच्या दाव्यांचे काम पाहतात. तेव्हा जे सांगणार आहोत ते पुस्तकातले थोडे आणि पाहिलेले जास्त असे आहे.

अलीकडे विहारात आलो की एखादा तरुण हमखास बाजूला घेतो आणि मोबाईलवरचा संदेश दाखवून विचारतो, "काका, उद्या विमा कंपनीत मुलाखत आहे, काय विचारतील?" आम्ही उलट विचारतो, "पद कोणते?" तो म्हणतो, "तसे काही लिहिलेले नाही, पण मॅनेजर आहे म्हणाले." आजचे आमचे सगळे भाषण या एका उत्तराभोवतीच फिरणार आहे.

ही वेळ का आली तेही थोडे पाहू. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळजण मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून, विदर्भातून या भागात आले ते कारखान्यांच्या आधाराने. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, पुढे टेल्को आली, आकुर्डीला बजाज ऑटो आली. ज्याला गेटच्या आत कायम म्हणून घेतले त्याचे घर उभे राहिले, मुले शिकली. नंतर कारखानदारी चाकणकडे सरकली. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगनचा २००९ चा. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, नाणेकरवाडी ही गावे आपल्या मुलांना आता शिफ्टच्या बसमुळे पाठ झाली आहेत. परंतु वडिलांना 'कायम' हा जो शब्द मिळाला तो मुलांच्या वाट्याला क्वचित येतो. ठेकेदाराकडे सहा-सात महिने, मग ब्रेक, मग दुसरा ठेकेदार. अशा ब्रेकच्या दिवसांतच विमा कंपनीचा संदेश येतो. पांढरा शर्ट, टाय, ए.सी. ऑफिस. मोह पडणारच, आणि त्यात गैर काही नाही.

विमा हा धंदा आपल्याला परका नाही, हेही या व्यासपीठावरून सांगितले पाहिजे. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीपुढे जे निवेदन मांडले, जे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने आपण ओळखतो, त्यात विमा हा सरकारच्या एकट्याच्या हातात असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे राज्याने सक्तीचे करावे असे कलम होते. ते कलम घटनेत आले नाही. मात्र नऊ वर्षांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. जानेवारी १९५६ मध्ये वटहुकूम निघाला तेव्हा अर्थमंत्री होते आपल्याच कुलाबा जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख. १५४ देशी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या अशा एकूण २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. गंमत अशी की त्या दिवशी देशमुख मंत्री राहिले नव्हते, मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिलेला होता. आणि त्या दिवसानंतर दीड महिन्याच्या आत नागपूरची दीक्षाभूमी झाली. मुलाखतीत महामंडळाच्या स्थापनेची तारीख विचारतातच. आपल्या मुलांनी ती विसरण्याचे कारण नाही.

आता दाखल्याची गोष्ट, कारण मुलाखत चांगली होऊनही कागदावर गाडी अडलेली आम्ही पाहिली आहे. महामंडळ ही केंद्राच्या अखत्यारीतील संस्था. १९९० पर्यंत केंद्राच्या नोकरीत बौद्धांना अनुसूचित जातीचे आरक्षण नव्हते. राज्यात सवलत, केंद्रात नाही, अशी ती परिस्थिती होती. धम्म स्वीकारला म्हणून हक्क गेला, आणि हक्क हवा तर कागदावर जुनी ओळख ठेवा, या पेचात एक अख्खी पिढी सापडली होती. १९९० च्या अनुसूचित जाती आदेश (दुरुस्ती) कायद्याने, विश्वनाथ प्रताप सिंगांच्या सरकारच्या काळात, तो पेच सुटला आणि धर्मांतरित बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत झाला. आजच्या विद्यार्थ्याला हे इतिहासाचे पान वाटते. परंतु त्याचा परिणाम आजही दाखल्याच्या एका ओळीवर होतो. केंद्राच्या नमुन्यात १९५० च्या आदेशातील जातीचे नाव लागते आणि सोबत १९९० च्या कायद्याचा उल्लेख लागतो. ज्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'बौद्ध' आहे त्याला पडताळणीच्या टेबलावर थांबवून ठेवतात. तिथला कारकून दुष्ट असतो असे नाही, त्याच्यापुढच्या यादीत तो शब्द जात म्हणून सापडत नाही इतकेच.

दुसरी अडचण या पट्ट्यातली खास आहे. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० रोजी आपले कुटुंब कोठे राहत होते याचा पुरावा पाहतात. आपल्यातले किती लोक त्या दिवशी पिंपरीत होते? आजोबांचा पुरावा परभणीला, लातूरला, करमाळ्याला शाळेच्या रजिस्टरमध्ये किंवा कोतवाल बुकात पडलेला असतो. जाहिरात निघाल्यावर तो शोधायला निघाल तर अर्जाची मुदत संपून जाते. पदवीच्या पहिल्या वर्षातच हे काम उरकून घ्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

परीक्षेविषयी थोडक्यातच बोलतो, कारण त्याची पुस्तके आणि वर्ग भरपूर आहेत. महामंडळाची भरती मुख्यतः तीन प्रकारची असते. सहायक म्हणजे कचेरीतला कर्मचारी, सहायक प्रशासकीय अधिकारी, आणि विकास अधिकारी, जो सुरुवातीला शिकाऊ म्हणून घेतला जातो. सरकारने २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद करण्याचे धोरण घेतले आणि २०१९ च्या सहायक भरतीत मुलाखत नव्हतीच, पूर्व परीक्षा आणि मुख्य परीक्षा यांवरच निवड झाली. अधिकारी पदाला मात्र मुलाखत असते. २०२३ च्या प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या भरतीत ३०० जागा होत्या आणि मुलाखतीला ६० गुण होते. त्यात उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या वर्गाला ३० आणि अनुसूचित जाती-जमातीला २७ गुणांची अट होती. त्याच वर्षी शिकाऊ विकास अधिकाऱ्यांच्या मात्र देशभरात ९,३९४ जागा निघाल्या. एकीकडे तीनशे, दुसरीकडे नऊ हजार. विमा कंपनीला टेबलामागे बसणारी माणसे किती हवी असतात आणि बाहेर फिरणारी किती, ते या दोन आकड्यांवरून ओळखा. तयारीसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेने बँक, रेल्वे, आयुर्विमा यांच्या परीक्षांचे निःशुल्क प्रशिक्षण वर्ग अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी चालविले आहेत. त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावे.

महामंडळाच्या मुलाखतीत आमच्या अनुभवाने घाबरण्यासारखे काही नसते. तीन-चार माणसे समोर असतात. मध्यवर्ती कार्यालयाचे नाव 'योगक्षेम', नियामक प्राधिकरणाचे मुख्यालय हैदराबाद, मुदत विमा आणि बचतीची पॉलिसी यांतला फरक, मे २०२२ मध्ये महामंडळाचे शेअर बाजारात आले ते का, परकी भांडवलाची मर्यादा २०१५ मध्ये ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्के झाली आणि त्यापुढे काय बदलले, सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा जी.एस.टी. उठला त्याचा परिणाम काय, असे प्रश्न निघतात. वर्तमानपत्र वाचणारा मुलगा यात मागे पडत नाही. आपली मुले मागे पडतात ती दुसऱ्याच ठिकाणी. "दोन वर्षे काय करत होतात?" असा प्रश्न आला की ती गप्प होतात. एका मुलाने चाकणला प्रेस शॉपमध्ये दोन वर्षे रात्रपाळी केली आणि दिवसा अभ्यास केला. सराव मुलाखतीत आम्ही तोच प्रश्न विचारला तर म्हणाला, "काही नाही सर, घरीच होतो." ठेकेदाराकडचे काम सांगायला त्याला लाज वाटली. आम्ही त्याला म्हटले, "अरे, विमा विकायचा तो अशाच कामगाराला. रात्रपाळीत बोट गेले तर काय होते हे समोरच्या साहेबांपेक्षा तुला जास्त माहीत आहे, मग ते सांग की." पुढच्या खेपेला त्याने सांगितले. ते ऐकताना आमच्यातलेही दोघे खुर्चीत पुढे सरकून बसले.

मुलींना एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायची आहे. मुलाखतीनंतर वैद्यकीय तपासणी होते आणि एक जाहीरनामा भरून घेतात. १९८९ मध्ये दिल्लीकडे महामंडळात सहायक म्हणून निवड झालेल्या एका उमेदवार भगिनीला अशाच फॉर्ममध्ये पाळी नियमित येते का, शेवटची पाळी केव्हा आली, गरोदरपण किती, असे विचारले होते. ती रुजू झाली, रजेवर गेली, जानेवारी १९९० मध्ये तिला मूल झाले, आणि फेब्रुवारीत परिविक्षाकाळातच तिला कमी केले. कारण काय, तर फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली. उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नीरा माथुर विरुद्ध आयुर्विमा महामंडळ या खटल्यात तिला कामावर परत घ्यायला लावले आणि असले रकाने फॉर्ममधून काढून टाका असे महामंडळाला बजावले. असे प्रश्न स्त्रीच्या लज्जेला आणि स्वाभिमानाला धक्का देणारे आहेत, असे न्यायालयाचे म्हणणे होते. निकाल महामंडळावर असला तरी त्याचे तत्त्व सगळ्यांना समजण्यासारखे आहे. आजही खासगी मुलाखतीत "लग्न कधी करणार? मूल झाल्यावर नोकरी सोडणार का?" असे हसत हसत विचारले जाते. मुलींनो, त्यावर भांडू नका आणि खोटेही बोलू नका. "नेमून दिलेले काम मी पूर्ण करीन" एवढे शांतपणे सांगा आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहा.

आता खासगी कंपन्यांकडे येतो. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले आणि २००० पासून खासगी कंपन्यांना दार उघडले. पुण्यातच मुख्यालय असलेल्या बजाज समूहाच्या दोन विमा कंपन्या जर्मनीच्या आलियान्झच्या भागीदारीत २००१ मध्ये सुरू झाल्या. त्यामुळे पुणे हे विमा कचेऱ्यांचे मोठे ठिकाण बनले आणि पदवीधर मुलांना दाव्यांच्या विभागात, कॉल सेंटरमध्ये, हिशेबात पगारी नोकऱ्या मिळाल्या, आपल्याही काही मुलांना मिळाल्या. हे मान्य करूनच पुढचे बोलतो. आणि पुढच्या हकिकतींत कोणत्याही कंपनीचे नाव घेणार नाही, कारण मुद्दा पद्धतीचा आहे.

चाकणच्या एका कारखान्यात ब्रेक मिळालेला आपल्या वस्तीतला एक पदवीधर तरुण. त्याला संदेश आला, विमा कंपनीत मॅनेजर पदाच्या जागा, अनुभवाची गरज नाही. तो इस्त्रीचे कपडे घालून गेला. ऑफिस चकचकीत, समोरचे साहेब गोड बोलणारे. शिक्षणाविषयी एक प्रश्न, घरी कोण कोण असते हा दुसरा, आणि मग कोरा कागद पुढे केला. "तुमच्या ओळखीच्या शंभर माणसांची नावे लिहा." त्याला वाटले ही स्मरणशक्तीची परीक्षा आहे. त्याने मन लावून लिहिले. आईच्या बचत गटातल्या बायका, वडिलांच्या खात्यातले कामगार, मावश्या, आत्या, विहारात येणारी माणसे, शाळेचे मास्तर. त्र्याण्णव नावे झाली. साहेबांनी हात मिळवला, म्हणाले, "अभिनंदन, तुमची निवड झाली."

मित्रांनो, निवड त्या त्र्याण्णव नावांची झाली होती.

त्याला जे पत्र मिळाले ते नोकरीचे नव्हतेच. आधी प्रशिक्षण, मग परीक्षा, मग एजंटचा परवाना. पगार शून्य, मिळेल ते कमिशन. २००० च्या सुमाराच्या नियमात एजंटाला शंभर तासांचे प्रशिक्षण लागत असे आणि शहरात बारावी पास असावे लागे. आता दहावी पास आणि पंचवीस तास पुरतात, परीक्षेत पन्नास प्रश्न आणि पस्तीस टक्क्यांना पास. ही परीक्षा पास होण्यात मुलाला जो आनंद होतो तो खोटा नाही, पण त्या परीक्षेने नोकरी मिळत नाही. सहा महिन्यांत त्याने अकरा पॉलिसी केल्या. त्यातल्या आठ नात्यातल्या. मावशीने धुण्याभांड्याच्या कामातून साठवलेले बारा हजार रुपये वार्षिक हप्ता म्हणून दिले, "पोराला नोकरी टिकवायची आहे" म्हणून. दुसऱ्या वर्षी तिच्याकडे बारा हजार नव्हते. तेव्हाच्या नियमाने दोन वर्षांचे पूर्ण हप्ते भरल्याशिवाय अशा पॉलिसीतून काही परत मिळत नसे. पॉलिसी बंद पडली, पैसे गेले. ऑक्टोबर २०२४ पासून एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर ते वर्ष संपल्यावर काही रक्कम परत देण्याचा नियम आला आहे, पण मावशीला त्याचा उपयोग नाही. ती आता त्याच्या घरी येत नाही. मुलगा पुन्हा चाकणला शिफ्टवर जातो.

त्या साहेबांनी कायदा मोडला असे आम्ही म्हणत नाही. एजंट नेमणे हे त्यांचे कामच. आमचे म्हणणे एवढेच की एजंटाला मॅनेजर म्हणून बोलावू नये, आणि बोलावले तर आपल्या मुलाला ते ओळखता आले पाहिजे. गरीब वस्तीत पैसा नसतो, पण एकमेकांवर विश्वास असतो. दुखण्याला, लग्नाला, मयताला आपण त्याच्यावरच जगतो. तो विश्वास एकदा असा विकला गेला की पुढे खरोखर कोणाला विम्याची गरज असेल तरी वस्ती एजंटाला दारात उभे करीत नाही.

म्हणून एजन्सी वाईट असे मात्र मुळीच समजू नका. आमच्यातलेच एक बंधू निगडी-आकुर्डी भागात पंचवीस वर्षे एजन्सी करीत आले आहेत. पगाराच्या तारखेला ते घरोघर जातात, हप्ता भरला का विचारतात, ज्याला परवडणार नाही त्याला मोठी पॉलिसी देत नाहीत. कारखान्यात अपघाती मृत्यू आला तर दाव्याचे कागद स्वतः घेऊन फिरतात. त्यांची दोन मुले याच कमिशनवर इंजिनिअर झाली. पण ते सांगतात, पहिली तीन वर्षे घर पत्नीच्या पगारावर चालले. पहिल्या वर्षी कमिशनचा दर मोठा असतो, पुढे तो उतरतो, आणि जुन्या पॉलिसी चालू राहिल्या तरच हळूहळू उत्पन्न साठते. ज्याच्या घरात दुसरा पगार नाही त्याने कारखान्याचे काम सोडून एजन्सीत उडी घेऊ नये, असे त्यांचेच मत आहे. आम्हालाही ते पटते.

मग मुलाखतीत ओळखायचे कसे? समोरचे प्रश्न विचारून झाले की शेवटी म्हणतात, तुम्हाला काही विचारायचे आहे का. आपली मुले मान हलवून उठतात. तिथे बसून राहा आणि विचारा, "साहेब, ही नेमणूक कंपनीची कर्मचारी म्हणून आहे की एजंट म्हणून?" या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले तर निम्मे काम झाले. कर्मचारी असेल तर नेमणूकपत्र कंपनीच्या नावाचे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या नावाचे, प्रॉव्हिडंट फंड कापला जाणार का, दरमहा ठरलेला पगार किती आणि टार्गेटवर अवलंबून किती, हे विचारा. विक्री अधिकाऱ्याच्या पगारी पदावरही टार्गेट असतेच, आणि ते बहुतेक वेळा इतके एजंट भरती करा असे असते. म्हणजे काल ज्याला कोरा कागद मिळाला तो उद्या दुसऱ्यापुढे कोरा कागद ठेवणार. महामंडळाच्या शिकाऊ विकास अधिकाऱ्यालाही ठरावीक व्यवसाय आणल्याशिवाय कायम करीत नाहीत, मात्र तिथे अटी जाहिरातीत छापलेल्या असतात आणि विद्यावेतन ठरलेले असते. २०२३ मध्ये ते महिना ५१,५०० रुपये होते.

एक फसवा प्रश्न ध्यानात ठेवा. "ग्राहक म्हणाला, पहिला हप्ता तुमच्या कमिशनमधून भरा, तर काय कराल?" पुष्कळ मुले उत्साहाने म्हणतात, भरीन साहेब, टार्गेट पूर्ण करीन. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने अशी सूट देणे-घेणे गुन्हा आहे. पूर्वी दंड पाचशे रुपये होता, २०१५ पासून तो दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. "कायद्याने मनाई आहे, मी भरणार नाही, त्याला परवडेल अशी छोटी पॉलिसी सुचवीन" हे उत्तर द्या. चांगला अधिकारी त्यावर खूश होतो. आणि ज्याला हे उत्तर आवडत नाही त्याच्या हाताखाली काम न केलेलेच बरे.

मुलाखतीला पैसे मागणाऱ्यांची गोष्ट वेगळी, ते विमा कंपनीचे नसतातच. नोंदणी फी, लॅपटॉपची अनामत, गणवेशाचे पैसे, असे काही मोबाईलवर मागितले की समजावे. आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवून येऊ नयेत, दाखवावीत आणि परत घ्यावीत.

पत्त्यावरून होणारी पारख हा कटू विषय आहे, पण टाळता येत नाही. आपल्या एका मुलीला एका खासगी शाखेत विचारले, "कुठे राहता? वस्तीत? तिथे विमा कोण घेणार?" ती म्हणाली, "साहेब, आमच्या एका गल्लीत रात्री चाळीस दुचाकी उभ्या असतात. प्रत्येकीला थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्यानेच लागतो. अर्ध्यांचा संपलेला आहे. तुमचा माणूस कधी आमच्याकडे आला नाही." ती नोकरी तिला मिळाली नाही. काही महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत मिळाली, आणि तिथे तिला कोणी पत्ता विचारला तो फक्त टपाल पाठवायला.

दुचाकीवरून शेवटचा मुद्दा आठवला, आणि या पट्ट्यातल्या मुलांसाठी आम्हाला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विमा म्हटले की सगळे आयुर्विम्याकडे धावतात. सर्वसाधारण विम्याच्या कंपन्यांना मोटारीचे दावे तपासायला माणसे लागतात आणि त्यासाठी ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा चालतो. ज्याने चाकणला गाडीचे दार बसवले आहे, पेंट शॉपमध्ये काम केले आहे, त्याला अपघाताची गाडी वाचता येते. आपल्या एका डिप्लोमा झालेल्या मुलाला मुलाखतीत फोटो दाखवून विचारले, "हा बंपर बदलायचा की दुरुस्त करायचा?" त्याने क्लिप तुटलेल्या आहेत, बदलावा लागेल, पण आतला लोखंडी भाग सरळ आहे, तो बिलात लावला असेल तर काढा, असे सांगितले. पुढचा प्रश्न आला, "प्लास्टिकच्या भागावर घसारा किती?" मोटार विम्यात प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर पन्नास टक्के, फायबरवर तीस टक्के आणि काचेवर काही नाही, हे त्याने आमच्या भगिनींकडून आधीच पाठ केले होते. तिथे कोणी ओळखीच्या माणसांची यादी मागितली नाही. पुढे सर्व्हेअरचा स्वतंत्र परवानाही काढता येतो. त्यासाठी एखाद्या परवानाधारक सर्व्हेअरच्या हाताखाली प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा लागते. डिप्लोमा करून ठेकेदाराकडे खुर्द्या पगारावर राहिलेल्या मुलांनी हा रस्ता जरूर पाहावा.

सराव मुलाखती दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या सभागृहात घेतल्या जातात, फी नाही. येताना जातीच्या दाखल्याची प्रत आणि कंपनीकडून आलेला संदेश किंवा पत्र, जे असेल ते, सोबत आणावे. आजोबांच्या शाळेचे नाव आणि तालुका घरून विचारून यावे, म्हणजे पुरावा शोधण्याचे काम त्याच दिवशी सुरू करता येईल.